पहिली मॅरेथॉन: तुमचं शरीर, तुमचं घर आणि बत्तीसच्या पुढचे किलोमीटर

ठाणेकर

मुंबई मॅरेथॉनचा दिवस, म्हणजे जानेवारीचा तिसरा रविवार जवळ यायला लागला की नवीन मंडळी तेच ते विचारतात, फुल (पूर्ण, बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन) करायची तर किती महिने लागतात, गुडघे जातात का, घरचे सहन करतात का. नेटवर सल्ले ढीगभर आहेत पण ते बहुतेक तीन तासांत संपवणाऱ्यांचे. ऑफिस, लोकल आणि मुलांच्या परीक्षा सांभाळून पळणाऱ्यांनी लिहावं म्हणून हा धागा. टाइम नाही सांगितलात तरी चालेल, बत्तीस किलोमीटरच्या पुढे काय झालं ते मात्र सांगा.

सुरुवात मी करतो. माझी पहिली फुल मुंबईची. तयारी सगळी ठाण्यातच, येऊर आणि उपवनला, आठवड्यात दोन-तीन छोटे रन आणि रविवारी लाँग रन, तो हळूहळू वाढवत बत्तीसपर्यंत नेला आणि शेवटचे तीन आठवडे उतरवत आणला. हे उतरवणं फार अवघड जातं बरं का, पाय शिवशिवतात, उगाच वाटतं फिटनेस गेला, कुठेतरी काहीतरी दुखतंय असे भास व्हायला लागतात.

पहाटे पाचला सीएसएमटीवरून सुटलो तेव्हा अंधार, बऱ्यापैकी गारवा, मरीन ड्राइव्हला सगळेच उधळलेले. आमच्या कोचने बजावलं होतं, सी लिंक संपेपर्यंत कोणीही पुढे जाऊ दे. गेलेही, सत्तरीच्या एक बाई आरामात गप्पा मारत गेल्या. सी लिंकवर एरवी पायी जायला बंदी, बाइकलाही बंदी, त्यामुळे निम्मे लोक तिथे सेल्फीला थांबतात, आणि थांबावंच, कारण आपल्या स्पीडने तिथे पोचेपर्यंत उजाडत असतं.

खरी परीक्षा परतीला. शिवाजी पार्क, प्रभादेवी, वरळी करत हाजी अलीला येईपर्यंत ऊन चढलेलं, हवा दमट, आणि समोर पेडर रोडचा चढ. टॅक्सीतून जाताना तिथे चढ आहे हे कधी जाणवलंही नव्हतं, पस्तीसच्या पुढे तोच रस्ता कसारा घाटासारखा वाटतो. आजूबाजूचे चालत होते, मीपण चाललो, पुढच्याच्या बुटाच्या टाचेवर नजर ठेवून. कडेला राहणारी मंडळी संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटं घेऊन उभी होती. एका लहान मुलीने माझ्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं आणि म्हणाली "काका, चाटा". चाटलं. त्या क्षणी जगात त्याहून चविष्ट काही नव्हतं.

घाटवाट

साताऱ्याची आहे मी. फुल अजून झालेली नाही, पण हिल हाफ (डोंगरातली अर्धी मॅरेथॉन) माझ्यासाठी फुलच होती म्हणून लिहिते. आमच्याकडची हाफ म्हणजे यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि परत खाली यायचं, ऐन पावसाळ्यात. लोक चढाला घाबरतात. मी सांगते, घाबरायचंच असेल तर उताराला घाबरा. चढताना फार तर दम लागतो, उतरताना मांड्यांचं जे होतं ते दुसऱ्या दिवशी जिना बघितल्यावर कळतं. मी तर दोन दिवस जिना उलटी होऊन उतरत होते.

दोन मुलं झाल्यावर पळायला लागले. सुरुवातीला पहाटे एकटी बाई ट्रॅक पँट घालून पळतीय म्हणून दुधाच्या रांगेतले लोक वळून बघायचे, एका काकूंनी थांबवून विचारलं "काय गं, घरी सगळं ठीक ए ना?" आता त्याच काकूंची सून आमच्याबरोबर येते. आणि माण तालुक्यातल्या मोहीसारख्या दुष्काळी गावातून निघून ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतीची) फायनल पळून आली, त्याआधी ती मुंबईची मॅरेथॉनही गाजवायची, त्यामुळे आमच्या जिल्ह्यात बायकांनी पळायचं का हा प्रश्न खरंतर तेव्हाच संपायला हवा होता.

निवृत्त आणि निवांत

वय ५८. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली तेव्हा कॉलेजात होतो, रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. पळायला रिटायरमेंट उजाडली. आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी, स्ट्रेस टेस्ट वगैरे करून घेतलं, चाळिशीपुढच्या प्रत्येकाने करावं, त्यात लाजायचं काय.

मी पळ-चाल पद्धतीवाला. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, आणि हे दमल्यावर नाही तर पहिल्या किलोमीटरपासून. ही पद्धत लोकप्रिय केली जेफ गॅलोवेने, जो स्वतः १९७२ च्या ऑलिंपिकला दहा हजार मीटर पळालेला माणूस, तेव्हा ही आळशांची पळवाट आहे असं म्हणणाऱ्या तरुणांनी जरा दमानं घ्यावं. तिशीच्या पुढे (किलोमीटरच्या, वयाच्या नाही) त्यातल्या बऱ्याच जणांना मी शांतपणे ओलांडलं.

पळपुट्याची बायको

मी पळत नाही. पण अनुभव आहे, भरपूर आहे. साडेतीनचा अलार्म मला ऐकू येतो, ज्याला उठायचंय त्याला नाही. शनिवारी रात्री कोणाकडे जेवायला जायचं नाही कारण रविवारी लाँग रन. लग्नात पंगतीत बसून "यात तेल फार आहे". बाथरूममध्ये वाळत घातलेले ते मोजे. काळी पडलेली अंगठ्याची नखं, जी गळून पडल्यावर मला कौतुकाने दाखवली जातात. घरात चार जोड बूट आणि पाचवा हवाय कारण आधीचे "पाचशे किलोमीटर झालेत".

हां, शुगर आटोक्यात आली, चिडचिड कमी झाली, हे कबूल.

हडसनपार

न्यू जर्सीत असतो, पहिली फुल न्यूयॉर्क, नोव्हेंबरचा पहिला रविवार. इथली खरी परीक्षा सुरू व्हायच्या आधीच असते. पहाटे फेरी नाहीतर बस पकडून स्टेटन आयलंडला जायचं आणि मग उघड्यावर थंडीत काही तास नुसतं बसायचं. सगळे घरातले जुने स्वेटर, फाटके कोट घालून येतात आणि सुरू व्हायच्या वेळी तिथेच टाकतात, ते नंतर गोळा करून दान होतात. मी आईने विणलेली कानटोपी घालून गेलो होतो आणि ती काही टाकवेना, शेवटी चड्डीत खोचून न्यूयॉर्कचे पाचही बरो (शहराचे विभाग) फिरवली.

क्वीन्सबरो ब्रिजवर प्रेक्षकांना उभं राहू देत नाहीत, त्यामुळे तिथे फक्त शेकडो बुटांचा आवाज आणि लोकांचे श्वास. पूल उतरून फर्स्ट अव्हेन्यूला वळलं की एकदम आरडाओरडा अंगावर येतो, माणूस हमखास वेग वाढवतो आणि पुढे ब्राँक्समध्ये त्याची किंमत मोजतो. मी आधी वाचून ठेवलं होतं म्हणून घड्याळाकडे बघत बसलो आणि बचावलो. शेवटच्या १९५ मीटरला मात्र इंग्लंडच्या राजघराण्याला मनोमन शिव्या घातल्या. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकला शर्यत विंडसर किल्ल्यापासून स्टेडियममधल्या शाही बॉक्सपर्यंत आखली म्हणून ४२.१९५ झालं, आणि १९२१ मध्ये तेच कायमचं ठरलं. चाळीसवर आटपलं असतं तर काय बिघडलं असतं!

मीठभाकर

माझी अर्धवट राहिलेली गोष्ट पण लिहितो, कारण सगळे मेडलवालेच लिहितात. वसई-विरार, डिसेंबर. त्या रस्त्यासारखा पब्लिक सपोर्ट मी कुठे बघितला नाही, शाळेची पोरं, लेझीम, अंगणात खुर्च्या टाकून बसलेल्या आज्या, सगळं गाव बाहेर. अठ्ठावीसपर्यंत मस्त, मग पोटरीत गोळा आला, सोडवला, दुसऱ्या पायात आला, आणि तिसाव्याला मी फुटपाथवर बसलो ते बसलोच. एका आजोबांनी घरात नेऊन पंख्याखाली बसवलं, लिंबू सरबत दिलं, मुलाच्या स्कूटरवरून पोचवलं. रडू आलं का, आलं. पण दोन आठवड्यांत परत पळायला लागलो आणि पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर पूर्ण केली.

तीस किलोमीटरच्या आसपास असं होतं त्याला कारण आहे. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन (म्हणजे साखरेचा साठा) साधारण तिथपर्यंत पुरतं, त्यामुळे भूक लागायची वाट न बघता दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी थोडं पोटात ढकलायचं. जेल (पळताना खायची गोड, घट्ट पाकिटं) आवडत नसतील तर खजूर, चिक्की, काहीही, फक्त ते लाँग रनला खाऊन बघितलेलं हवं. आणि नुसतं पाणी ढोसत राहू नका, घामातून मीठ जातं आणि वरून साधं पाणी जास्त झालं की रक्तातलं सोडियम घसरतं, ते डिहायड्रेशनइतकंच किंवा जास्तच धोक्याचं. ओआरएस ठेवा बरोबर.

नवशिकी_नाशिक

सगळ्यांचं वाचून पोटात गोळा आलाय, माझी मुंबई जानेवारीत. ठाणेकर, दोन प्रश्न: चारच्या आत सीएसएमटीला पोचायचं कसं, आणि बूट नवीन घेऊ का?

ठाणेकर

बूट आत्ता घ्या, शेवटच्या आठवड्यात नको. अर्धा नंबर मोठे घ्या कारण पाय सुजतात. एक-दोन लाँग रन त्यातच करा. त्या दिवशी नवीन काहीच नको, मोजेसुद्धा. काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन चोपडा, पुरुषांनी छातीला चिकटपट्टी लावा, का ते बिनपट्टीवाल्यांचे टीशर्ट बघून कळेल.

पोचायचं म्हणाल तर रेल्वे त्या दिवशी मध्यरात्रीनंतर स्पेशल लोकल सोडते, वेळा आदल्या आठवड्यात जाहीर होतात. डब्यात सगळे बिब (छातीवरचा नंबर) लावलेलेच असतात, त्यामुळे केळं खात बसलात तरी कोणी बघत नाही. नाशिकहून आदल्या दिवशी या, बिब घ्या आणि तिथल्या स्टॉलवर तासन्‌तास फिरत बसू नका, पाय दुसऱ्या दिवशी लागणारेत.