शब्दचर्चा : सौम्य लाठीमार, कडकडीत हरताळ आणि एकच खळबळ

अडगळ :
१९५०-६० च्या सुमाराची मराठी वर्तमानपत्रं चाळली तर काही शब्द कायम जोडीनेच भेटतात. लाठीमार असला की 'सौम्य', हरताळ असला की 'कडकडीत', खळबळ असली की 'एकच'. अश्रुधुराची फक्त 'नळकांडी' असतात आणि तीही 'फोडतात'. या सोयरिकी कोणी जुळवल्या? आणि लाठीमार सौम्य, हे नेमकं कोणाच्या मते?

कानामात्रा :
शेवटच्याचं उत्तर सोपं आहे. मारणाऱ्याच्या मते.

'सौम्य' हे विशेषण बातमीदाराचं नव्हे, पोलिसांच्या पत्रकातलं. इंग्रजीतल्या 'माइल्ड लाठीचार्ज'चं रात्रपाळीच्या टेबलावर मराठी झालं आणि थेट मथळ्यात चढलं. एरवी हा शब्द स्वभावाला लावायचा, फार तर जुलाबाच्या औषधाला. याची उतरंडही बघा. 'छडीमार' म्हणजे शाळेतल्यासारखा, 'लाठीमार' म्हणजे जरा जास्त पण रीतसर, आणि 'लाठीहल्ला' म्हणजे सरळ आगळीक. 'मार' गुन्हेगाराला बसतो, 'हल्ला' निरपराधावर होतो. त्यामुळे शेवटच्या दोन अक्षरांवरून पत्र कोणत्या बाजूचं ते कळतं.

२१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, त्यानंतर तर ही फारकत पक्की झाली. सरकारी भाषेत 'मृत', संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या भाषेत 'हुतात्मे'. हा शब्द सावरकरांनी रूढ केलेला : हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. चौकाला नाव शेवटी त्याच शब्दाचं मिळालं, पत्रकातल्या शब्दाचं नाही. आणि १५ नोव्हेंबर १९५६ ला आचार्य अत्र्यांचा 'मराठा' निघाल्यावर मराठी मथळ्यांना विशेषणांची टंचाई म्हणून कधी भासली नाही.

नळकांडं म्हणजे पोकळ नळीचा तुकडा. आतलं रसायन बहुधा जळून धूर होतो, फुटत काही नाही. पण फटाक्याच्या सवयीने क्रियापद 'फोडणे' चिकटलं ते आजतागायत.

हळदकुंकू :
हरताळाबद्दल. हे दोन वेगळे शब्द आहेत आणि मराठीत ते एकमेकांच्या अंगावर पडले आहेत.

एक हरताळ बाजाराचा : हट्ट म्हणजे बाजार, त्याला ताल म्हणजे कुलूप. गुजरातीत हडताळ, हिंदीत हड़ताल. दुसरा हरताळ म्हणजे हरिताल, गंधक आणि सोमल यांचं पिवळंजर्द खनिज. पोथीत अक्षर चुकलं की त्याची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून चुकीवर लेप देत, आणि वाळला की त्यावर नवं अक्षर लिहीत. जुन्या पोथ्यांत मधेच पिवळे ठिपके दिसतात ते हेच. 'तत्त्वांना हरताळ फासला' हा वाक्प्रचार या दुसऱ्याचा, म्हणजे पुसून टाकलं या अर्थाचा. त्यामुळे संप फुटला की 'हरताळाला हरताळ' असं लिहिणारा उपसंपादक विनोदी असेल, पण व्याकरणात बसतो.

'कडकडीत' मात्र देवघरातून आला. कडकडीत उपास म्हणजे पाण्याचा घोटही नाही, कडकडीत सोवळं म्हणजे कोणाचा स्पर्श नाही. तसा कडकडीत हरताळ म्हणजे कोपऱ्यावरची पानपट्टीसुद्धा बंद. ती अर्धी फळी उघडी ठेवून विडी विकत असेल तर प्रामाणिक बातमीदाराने फक्त 'हरताळ' लिहावं. असा प्रामाणिकपणा फारसा दिसत नाही.

खिळेजुळव :
सगळं श्रेय भाषेला देऊ नका, थोडं शिशालाही द्या, म्हणजे छापखान्यातल्या खिळ्यांना, एकेका अक्षराच्या सुट्या टायपांना. मथळ्याचा शब्द निवडताना अर्थाच्या आधी मापाचा प्रश्न असे.

हिशोब करून बघा. समजा कॉलम दोन इंचांचा, म्हणजे १४४ पॉइंट. मथळा २४ पॉइंटचा, आणि एक अक्षर सरासरी १६ पॉइंट रुंद धरलं, तर ओळीत नऊ अक्षरं, तीही मधल्या मोकळ्या जागेसकट. यात 'मृत्युमुखी' चार अक्षरं खातो, 'ठार' दोन. म्हणून माणसं मथळ्यात ठार होत आणि खालच्या मजकुरात मृत्युमुखी पडत. 'नामदार'चं 'ना.', 'बॅरिस्टर'चं 'बॅ.', 'कॉम्रेड'चं 'कॉ.' ही सगळी आदराची काटकसर. पाकिस्तानचं 'पाक' त्यातलंच, साखरेच्या पाकाशी गल्लत झाली तरी बेहत्तर.

त्याहून मोठी अडचण खिळ्यांच्या संख्येची. मोठ्या मापाचे खिळे खणात प्रत्येक अक्षराचे मोजकेच. आठ कॉलमी मथळ्याला तर लाकडी खिळे, ते आणखी कमी. मथळ्यात 'त' तीनदा आला आणि खणात दोनच असले की शब्द बदलायचा. त्या दिवशी 'संतप्त' ऐवजी 'क्षुब्ध' जमाव दिसला, तर कारण जमावात शोधू नका.

आता गमतीचा भाग. अखंड पद्धतीच्या टायपात वेलांटीची वरची कमान खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबते, शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर. दाबाखाली तीच आधी मोडते आणि मागे काना उरतो. मग 'भीषण आग'ची 'भाषण आग' होते आणि 'यंदा पीक बुडाले'चं 'यंदा पाक बुडाले'. (नमुने समजण्यापुरते जुळवलेले आहेत, कोणत्या अंकात शोधू नयेत.) डिग्री पद्धतीत वरच्या मात्रा वेगळ्या ओळीत बसवत, तिथे कमान लोंबत नाही, पण ओळ नीट आवळली नाही तर आख्खी मात्राच निसटते. हे सगळं ज्याच्या नावावर खपवत तो 'मुद्राराक्षस'. विशाखदत्ताच्या नाटकात राक्षस हा अमात्य आणि मुद्रा त्याची अंगठी. मराठी छापखान्यांनी दोघांना मिळून चुकीचा धनी केलं.

अडगळ :
म्हणजे 'एकच खळबळ'सुद्धा जागा भरायला?

कानामात्रा :
नाही हो. ते 'एकच' संख्येचं नव्हे, जोराचं. 'एकच गर्दी', 'एकच कल्लोळ' यातलं. 'खात्रीलायक गोटातून'मधला गोट मात्र बघण्यासारखा आहे : गोट म्हणजे लष्कराची छावणी. मराठ्यांचे तळ उठून गेले, पण मंत्रालयाच्या व्हरांड्यात गोट शिल्लक राहिला.

मोडीवाचक :
या यादीचा राजा राहिलाच की. 'पोलीस कारवाई'. १३ सप्टेंबर १९४८ ला रणगाड्यांसह फौज हैदराबाद संस्थानात शिरली, नेतृत्व मेजर जनरल चौधरींचं, आणि १७ तारखेला निजामाने हात टेकले. यात पोलीस नावापुरते. तरी शब्द मुद्दाम निवडलेला : हैदराबादने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली होती, आणि युद्ध म्हटलं की दोन देश आले. पोलीस म्हटलं की घरचा मामला. मराठवाड्यात जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'पोलीस ॲक्शन'च आहे, कालगणनेसारखं : ॲक्शनच्या आधी, ॲक्शननंतर. लाठीमार सौम्य करणाऱ्यांनी इथे अख्खी लढाई सौम्य केली.

अडगळ :
तारीख फाटलेलं कात्रण असेल तर या शब्दांवरून साल काढता येईल?

खिळेजुळव :
बऱ्यापैकी. 'द्विभाषिक' (म्हणजे मराठी-गुजराती मिळून एकच मुंबई राज्य) दिसलं तर बहुधा १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० च्या दरम्यानचं. किमतीत 'नवे पैसे' असतील तर १ एप्रिल १९५७ नंतरचं. १ जून १९६४ ला त्यातलं 'नवे' गळालं. 'कृत्रिम उपग्रह' आकाशात फिरत असेल तर ऑक्टोबर १९५७ च्या अलीकडचं. 'मुंबईंत', 'पुण्यांत', 'नाहीं' असे अनुस्वार असतील तर बहुधा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचं, पण यावर एकट्यावर विसंबू नका, सगळ्यांनी ते एका रात्रीत सोडले नाहीत. शिवाय टिंब हा खिळ्यांच्या पेटीतला सगळ्यात बारीक जीव, तो नसला तर नियमाने गेला की मोडून गेला हे भिंगाशिवाय ठरवू नये. आणि 'घेराव' सापडला तर १९५० चं दशक विसरा, तो बंगालमधून साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आला.