जर्मनीत गाडी रस्त्यात बंद पडली तर फोन कोणाला करायचा? एडीएसी की इन्शुरन्सचा शुट्झब्रीफ?

नाशिककर_ब्योब्लिंगेन

नमस्कार मंडळी, स्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगेनला राहतो आम्ही. नुकतीच सेकंडहँड स्कोडा घेतली, डिझेल, बरीच पळालेली आहे पण ट्यूफ (गाडीची सक्तीची तपासणी) नवीन करून मिळालाय. उन्हाळ्यात सासू-सासरे नाशिकहून येतायत आणि त्यांना घेऊन इटलीतल्या गार्डा लेकला जायचं चाललंय, फ्युसेन, फर्नपास, इन्सब्रुक, ब्रेनर असा रस्ता.

तर काळजी ही की गाडी मध्येच बंद पडली तर काय करायचं. आपल्याकडे कसाऱ्याच्या आसपास गाडी बसली तरी ढाब्यावरचा पोरगा कोणाला तरी फोन लावतो आणि तासाभरात मेकॅनिक हजर होतो, इथे ऑटोबानवर (हायवेवर) शेजारून दीडशेच्या स्पीडने गाड्या जातायत आणि आपल्याबरोबर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई, सत्तरीचे सासरे आणि चार वर्षांची मुलगी. विचार केला तरी धडधडतं. माझं जर्मन ए२ म्हणजे प्राथमिक लेव्हलचं, समोरासमोर निभावतं पण फोनवर समोरचा फास्ट बोलायला लागला की काहीच कळत नाही, नवऱ्याचं त्याहून कमी कारण ऑफिसात सगळं इंग्रजीत.

ऑफिसातले सगळे एडीएसी (रस्त्यात मदत करणारा क्लब) घ्या म्हणतात. पण आमच्या इन्शुरन्सच्या कागदावर शुट्झब्रीफ असा शब्द आहे आणि त्याचे काही युरो लावलेत, तेही ब्रेकडाऊनसाठीच आहे असं दिसतंय. मग दोन्हीचे पैसे भरायचे का? आणि ऑस्ट्रिया-इटलीत यातलं काय चालतं? कोणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर नक्की सांगा.

म्युनिकवासी_सांगलीकर

ताई, आधी एक विचारतो, लायसन्स जर्मन झालंय ना दोघांचं? भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून फक्त सहा महिने चालतं, त्यानंतर थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात (थिअरी इंग्रजीत देता येते). सहा महिन्यांनंतर तसंच चालवत राहिलं तर तो सरळ फौजदारी गुन्हा आहे आणि इन्शुरन्स कंपनीही मागाहून वसुलीला येते. नवीन आलेले बरेच जण इथेच फसतात म्हणून विचारलं. बाकी एडीएसी घ्या, डोळे झाकून.

नाशिककर_ब्योब्लिंगेन

हो दादा, दोघांचंही झालंय.

नेकरकाठचा

नाशिककर ताई, सविस्तर लिहितो कारण आमच्या मराठी मंडळात दर वर्षी नवीन आलेल्यांकडून हाच प्रश्न येतो आणि उत्तर एका ओळीत मिळतं, "एडीएसी घे". ते चूक नाही पण अर्धवट आहे.

एडीएसी (फोनवर जर्मन लोक आडेआत्से म्हणतील) हा क्लब आहे, कंपनीची वॉरंटी वगैरे नाही. १९०३ साली तुमच्याच स्टुटगार्टमध्ये मोटरसायकलवाल्यांची संघटना म्हणून सुरू झाला, आज दोन कोटींच्या वर मेंबर आहेत. पिवळ्या गाड्या दिसतात ना रस्त्यावर, त्यांना इथले लोक पिवळे देवदूत म्हणतात. यात मेंबर *माणूस* असतो, गाडी नव्हे. म्हणजे उद्या तुम्ही मैत्रिणीची गाडी चालवताय किंवा भाड्याची, ती बंद पडली तरी तुमच्या मेंबरशिपवर मदत येते. याउलट इन्शुरन्सचा शुट्झब्रीफ त्या एका *गाडीला* चिकटलेला असतो, मग ती तुम्ही चालवा नाहीतर तुमच्या घरचं कोणी. एवढं लक्षात आलं की बाकीचं सोपं आहे.

शुट्झब्रीफ स्वस्त असतो, वर्षाला बहुतेक ठिकाणी दहा-वीस युरो, आणि साधारण यूरोपभर चालतो. मग एडीएसी कशाला? कारण शुट्झब्रीफच्या अटी बारीक अक्षरात असतात आणि त्या बघितल्याच पाहिजेत. आधी त्यांच्याच नंबरला फोन करावा लागतो, तुम्ही आपल्या मनाने टो ट्रक बोलावलात तर एका ठरावीक रकमेपर्यंतच पैसे परत मिळतात, वरचे तुमचे. हॉटेल, भाड्याची गाडी या सोयी बऱ्याच पॉलिसींत घरापासून ५० किलोमीटरच्या पलीकडे बंद पडलात तरच. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाची गाडी घरापासून वीसेक किलोमीटरवर बसली, टो झाली, पण पुढे घरी कसं जायचं ते तुमचं तुम्ही बघा. त्यात कंपनीने फसवलं असं काही नाही, कागदावर तसंच लिहिलं होतं.

तुमच्यासाठी माझं मत सांगतो. एडीएसीची बेसिक मेंबरशिप फक्त जर्मनीपुरती असते, ती घेऊन गार्डाला जाऊ नका. प्लस घ्या, वर्षाला शंभर युरोच्या आसपास पडते, ती यूरोपभर चालते. शुट्झब्रीफ आहेच तर ठेवा, किरकोळ पैसे आहेत. आणि दुसरे क्लबही आहेत बरं का, एसीई, एव्हीडी, त्यांचे दर बघून तुलना करा, एडीएसीच घेतला पाहिजे असा नियम नाही. मी एडीएसी सुचवतो त्याचं कारण तुमचं जर्मन. त्यांच्या ॲपमधून बोलावलं की लोकेशन आपोआप जातं, गाडीची माहिती आधीच भरून ठेवता येते आणि फोनवरची निम्मी झटापट वाचते. तरी नंबर सेव्ह करा, जर्मनीत मोबाइलवरून २२ २२ २२, आणि परदेशातून +४९ ८९ २२ २२ २२.

हाम्बुर्ग_मावशी

वरचं सगळं बरोबर, पण आजी-आजोबा आणि लेकरू बरोबर आहे म्हणून मी मुद्दाम लिहितेय, कारण फोन ही नंतरची गोष्ट, पहिली पाच मिनिटं जास्त महत्त्वाची.

गाडी कुरकुरायला लागली आणि अजून थोडी जरी चालतेय तरी ऑटोबानवर थांबू नका गं, हजार्ड लावून हळूहळू पुढच्या एक्झिटपर्यंत नाहीतर पार्किंगपर्यंत न्या, सासूबाईंच्या गुडघ्यासाठी तेच बरं. अगदीच नाही जमलं तर शोल्डरवर जितकं उजवीकडे जाता येईल तितकं जा, आधी ते पिवळं चमकणारं जॅकेट अंगात मग दार उघडायचं, आणि सगळ्यांनी उजव्या बाजूनेच उतरायचं. ड्रायव्हरनेही पलीकडच्या सीटवर सरकून उतरायचं, डावं दार उघडायचंच नाही. मग सगळे त्या लोखंडी कठड्याच्या पलीकडे, गाडीला अगदी चिकटून नाही. मुलीचा हात एकाने धरून ठेवायचा, त्याला दुसरं काही काम नको. गाडीत बसून वाट बघायची नाही, थंडी असो की पाऊस. सासूबाईंना कठडा ओलांडता येणारच नसेल तर सरळ ११२ (इमर्जन्सी नंबर) लावा आणि वयस्कर माणूस उतरू शकत नाही असं सांगा. हा आपण धोक्यात असल्याचा फोन आहे, त्याची लाज वाटून घेऊ नका.

जर्मनीत कायद्याने गाडीत एकच पिवळं जॅकेट लागतं (२०१४ पासून), पण तुम्ही पाच जण आहात तर पाच घ्या, मुलीच्या मापाचंही मिळतं, अगदी स्वस्त आहेत. आणि डिकीत सामानाखाली नाही, सीटजवळ ठेवा. ऑस्ट्रिया आणि इटलीतही हायवेवर बाहेर पडताना घालावंच लागतं.

धोक्याचा त्रिकोण लावायचा तो लांब, दीडशे-दोनशे मीटर मागे. अंतर कसं मोजायचं सांगते, रस्त्याच्या कडेला ते पांढरे-काळे खांब असतात ना, ते पन्नास पन्नास मीटरवर असतात, म्हणजे तीन-चार खांब मोजायचे. कठड्याच्या पलीकडूनच चालत जायचं आणि त्रिकोण उघडून समोर धरून न्यायचा म्हणजे येणाऱ्यांना तुम्ही दिसता.

आता त्याच खांबांवर एक छोटा काळा बाण असतो, कधी नीट बघितलाय का? तो जवळचा इमर्जन्सी फोन कुठल्या बाजूला आहे ते दाखवतो. नारिंगी खांब, साधारण दर दोन किलोमीटरवर. मोबाइलची बॅटरी गेली, नेटवर्क नाही, किंवा आपण कुठे आहोत तेच सांगता येत नाही अशा वेळी तो फार कामाचा, कारण पलीकडच्याला तुम्ही कुठून बोलताय ते आपोआप दिसतं. ज्याला फोनवर जर्मन जमत नाही त्याच्यासाठी तर खरंच मोठा आधार आहे.

नेकरकाठचा

मावशी, बाणाचं छान सांगितलंत, हे माहीतच नसतं लोकांना. त्यात एक भर घालतो, मोबाइलवरून लोकेशन सांगायचं झालं तर तीन गोष्टी पुरतात, ऑटोबानचा नंबर, कुठल्या शहराच्या दिशेने जाताय ते, आणि किलोमीटर. किलोमीटरची छोटी निळी पाटी दर पाचशे मीटरवर असते. "इश हाबं आइने पाने, आ झीबन, रिश्टुंग फ्युसेन, किलोमेटर" (गाडी बंद पडलीय, ए-सात, फ्युसेनच्या दिशेने, किलोमीटर) आणि पुढे आकडा, एवढं ए२ वाल्याला आरामात येतं. कागदावर लिहून सनवायझरला लावून ठेवा. घाबरल्यावर येत असलेली भाषाही जाते.

लेस्टरकर

मी यूकेत आहे म्हणून इथलं थोडक्यात, कोणाला उपयोग झाला तर. इथे एए, आरएसी, ग्रीन फ्लॅग हे मोठे. इथेही माणसाचं कव्हर वेगळं आणि गाडीचं वेगळं. आणि लोक विसरतात ते हे की बेसिक कव्हरमध्ये घराच्या दारात गाडी बंद पडली तर बहुतेक कोणी येत नाही, ते वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं. हिवाळ्यात तर गाडी सकाळी दारातच बसते. शिवाय इथे काही मोटरवेला शोल्डरच नाही, तिथे नारिंगी रंगाच्या इमर्जन्सी जागा आहेत, शक्यतो तिथपर्यंत गाडी रेटायची.

म्युनिकवासी_सांगलीकर

एक कळकळीने सांगतो. रस्त्याच्या कडेला उभं राहून गूगलवर टोइंग शोधू नका. आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने रात्री असंच शोधलं, पहिली जी जाहिरात आली तिथे फोन केला, लोकल नंबर दिसत होता पण फोन भलत्याच शहरातल्या कॉल सेंटरला लागला, फोनवर रेट सांगितला नाही, आणि ट्रकवाला आल्यावर गाडी वर चढवून मग कित्येकशे युरो रोख मागायला लागला. गाडी त्याच्या ट्रकवर, रात्रीचे बारा, बायको गरोदर, देणार नाही तर काय करणार. कुलूपवाल्यांच्या बाबतीत इथे ग्राहक केंद्रं सतत याच प्रकाराबद्दल सावध करत असतात. न बोलावता कोणी ट्रक घेऊन येऊन थांबला तरी नको म्हणायचं, तुम्ही ज्याला बोलावलंय त्याने तुमचं नाव आणि गाडीचा नंबर स्वतःहून सांगितला पाहिजे. आणि पोटात कितीही गोळा आला तरी भाव ठरल्याशिवाय सही करायची नाही.

इन्सब्रुक_पुणे

ताई तुमचा रस्ता माझ्या दारावरूनच जातो. ऑस्ट्रियात एडीएसीचा जोडीदार क्लब ओएएमटीसी आहे, तुम्ही एडीएसीला फोन केलात की तेच कोणाला तरी पाठवतात, तेव्हा इथले नंबर शोधत बसायची गरज नाही. तरी माहितीसाठी, ओएएमटीसी १२० आणि दुसरा क्लब आर्ब्यो १२३. इटलीत ऑटोस्ट्राडावर (तिथल्या हायवेवर) कोणताही ट्रक येऊ शकत नाही, परवानगी असलेलेच येतात, तिथे सुद्धा एडीएसीलाच आधी फोन करा आणि ते सांगतील तसं.

फर्नपासच्या घाटात उन्हाळ्यातल्या शनिवारी जाऊ नका एवढं ऐका माझं. चढ, ऊन, तासन्तास रांगेत रखडलेली भरलेली गाडी आणि फुल एसी, जुन्या गाड्या तिथेच तापतात. टेंपरेचरचा काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर फुल, आणि पहिल्या मोकळ्या जागेत थांबून इंजिन थंड होऊ द्या, कूलंटचं झाकण गरम असताना अजिबात उघडायचं नाही, वाफेने हात भाजतो. आणि फ्युसेनचा सीमेवरचा बोगदा, मग लेर्मोसचा बोगदा, यांत काही झालं तर मोबाइल नाही वापरायचा, भिंतीतल्या एसओएस कोनाड्यातला फोन उचलायचा, कंट्रोल रूमला तुम्ही नक्की कुठे आहात ते लगेच कळतं आणि मागचा ट्रॅफिक ते थांबवतात.

नाशिककर_ब्योब्लिंगेन

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री नवरा आणि मी दोघांनी बसून वाचलं. प्लस घेतोय. शुट्झब्रीफचे कागद काढून बघितले तर ५० किलोमीटरची अट खरंच आहे, नेकरकाठचे दादा म्हणाले तशीच. पाच जॅकेटं ऑर्डर केली, मुलीला तिचं आताच घालून बसायचंय. आणि शनिवारऐवजी मंगळवारी निघायचं ठरवलंय.

शेवटचं एकच विचारते, मेंबर मी एकटी होऊ की नवऱ्यालाही करायला लागेल? आणि निघण्याआधी गाडीत काय काय तपासून घेऊ?

नेकरकाठचा

मेंबरशिप माणसाची असते म्हणून फक्त तुम्ही मेंबर असाल आणि नवरा एकटा गाडी घेऊन गेला तर त्याला मदत मिळणार नाही. पार्टनरला जोडून घ्यायची सोय आहे, थोडे जास्त पैसे लागतात, ते भरा.

तपासायचं म्हणाल तर सगळ्यात आधी बॅटरी. एडीएसीच्याच दर वर्षीच्या आकडेवारीत चाळीस टक्क्यांहून जास्त ब्रेकडाऊन फक्त बॅटरीमुळे होतात, इंजिन वगैरे पुष्कळ मागे. सेकंडहँड गाडीत ती कधी बदललीय ते आधीच्या मालकाच्या बिलांत बघा, नाहीतर बऱ्याच बॅटऱ्यांवर तारीख असते, पाच वर्षांच्या पुढे गेली असेल तर वर्कशॉपमध्ये टेस्ट करून घ्या. मग टायर, स्पेअर धरून. पुष्कळ गाड्यांत स्पेअर नसतोच, नुसतं पंक्चरचं लिक्विड असतं, डिकीचा तळ उचलून आधीच बघा. कूलंटची लेव्हल बघा, आणि डिझेल अर्ध्याच्या खाली गेलं की भरत चला, कारण ऑटोबानवर इंधन संपून थांबलात तर त्याला इथे दंड आहे. सासूबाईंच्या गोळ्या आणि पाण्याच्या बाटल्या डिकीत नको, पुढे हाताशी ठेवा, कठड्यापलीकडे उभं राहायची वेळ आली तर ती एक पिशवी उचलून बाहेर पडता येईल.