क्वालिस दुरुस्त करू की २८ लाखांची इलेक्ट्रिक घेऊ? (सोलापूर)

सूतदलाल_साखरपेठ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

घरात तीन गाड्या. २००४ ची क्वालिस, एमएच-१३, मीच पहिला मालक. २०१२ ची वॅगन आर, ती बायकोची. आणि १९९९ ची स्प्लेंडर. तिच्याबद्दल काही विचारायचं नाही, ती माझ्यानंतरही चालेल.

माझा धंदा सुताच्या दलालीचा. रोजचा फेरा साखर पेठ ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, तो स्प्लेंडरवर. क्वालिस निघते ती महिन्यातून एकदा पुण्याला पोराकडे, पौर्णिमेला तुळजापूरला, मध्येच कधी पंढरपूर नाहीतर लग्नकार्य. वर्षाचे आठ हजार किलोमीटर, जास्त नाही.

आता तिचं वय झालंय. चार लाख दहा हजार किलोमीटर. नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) गेलेत, सकाळी चालू केली की गल्लीत पांढरा धूर, समोरच्या काकू खिडकी लावून घेतात. पाटे (खालच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसलेत. मागच्या दाराखालचा पत्रा सडलाय, बोट घातलं तर आत जातं. हे माझ्याच दुर्लक्षाने झालं, पावसाळ्याआधी खालून कोटिंग करून घ्या असं मिस्त्री दर वर्षी सांगायचा. एसी म्हणजे नुसता पंखा. मिस्त्रीने सगळं मिळून १ लाख ९० हजार सांगितलेत, रंगासकट.

पोरगं पुण्यात आयटीत. ते म्हणूलालंय, बाबा, भंगारात दोन लाख घालू नका, मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्या. ऑन रोड २८ लाख. आठ मी रोख द्यायचे, वीसचं कर्ज सात वर्षांचं, निम्मा हप्ता तो भरणार. कोणती गाडी ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर इथे कंपन्यांचीच भांडणं सुरू होतील.

टेस्ट ड्राइव्हला तुळजापूरपर्यंत नेली. खोटं कशाला बोलू, आवडली. घाट चढताना क्वालिसचा दुसरा गिअर आणि माझा जीव दोन्ही ओरडतात. ही गप चढली. उतरताना तर बॅटरीचा आकडा दोन टक्के वाढला. मी बघतच राहिलो. उतारावर डिझेल टाकीत परत आलेलं आजवर बघितलं नव्हतं.

पोराचे मुद्दे असे: एक, जुन्या डिझेलवर बंदी येणारच आहे. दोन, इलेक्ट्रिकला टोल नाही. तीन, डिझेलचे पैसे वाचतील त्यातून हप्ता निघेल. शिवाय माझी आई ७९ वर्षांची, गुडघे गेलेत, तिला क्वालिसमध्ये चढवायला दोघं लागतात.

माझी अडचण अशी की घर जुन्या गल्लीत आहे. गाडी घरापासून दीडशे पावलांवर लिंबाखाली उभी असते, तिथे वायर नेणार कशी? एमआयडीसीतल्या गोडाऊनवर थ्री फेज आहे, पण गाडी रात्री तिकडे ठेवून मी घरी यायचं म्हणजे परत स्प्लेंडरच. काय करू?

आकडेमोड

मी बँकेतून निवृत्त, ३४ वर्षं कर्जाच्याच टेबलावर होतो. तुमच्या पोराचा तिसरा मुद्दा आधी घेतो.

आठ हजार किलोमीटर, क्वालिसचा ॲव्हरेज ११ धरू, डिझेल ९२. वर्षाचे ६७ हजार. मोठी इलेक्ट्रिक एका युनिटला सहा किलोमीटर जाते असं धरलं तर तेराशे-साडेतेराशे युनिट, दहा रुपयांनी १३ हजार. वाचले ५४ हजार.

आता २० लाख, ९ टक्के, सात वर्षं. हप्ता ३२ हजारांच्या वर. म्हणजे तुमची वर्षभराची बचत दोन हप्त्यांनाही पुरत नाही. सात वर्षांत नुसतं व्याज सात लाख जातं, वर्षाला सरासरी एक लाख. आणि जे आठ लाख रोख देणार त्यांची साडेसहा टक्क्यांनी एफडी केलीत तर वर्षाला ५२ हजार येतात. म्हणजे डिझेलची जवळजवळ सगळी बचत त्या एफडीनेच भरून निघाली, गाडी न घेता! नव्या गाडीचा विमा अजून धरलेलाच नाही.

गाडी आवडली म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्या, त्याला हिशोब लागत नाही. पण 'पैसे वाचतात' म्हणून घेऊ नका.

जुळेसोलापूरकर

काका, मी दीड वर्ष इलेक्ट्रिक एसयूव्ही चालवतोय, तरी तुम्हाला घ्या म्हणणार नाही. माझं महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर होतं, सांगोला, बार्शी, विजयपूर सगळं फिरतो, आणि जुळे सोलापुरात स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जर आहे. छतावर तीन किलोवॅटचं सोलर. आपल्याकडच्या उन्हाचा हा एकच फायदा. मला परवडतं ते या सगळ्यामुळे. यातलं एक काढलं तर गणित मोडतं.

दोन गोष्टी पोराला सांगा. टोलमाफी आहे ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धीवर, ऑगस्ट २०२५ पासून. आपला पुणे रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६५. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस, सगळीकडे मी मुकाट टोल भरतो. उलट फास्टॅगचा वार्षिक पास आला ना, २०० फेऱ्यांचा, सुरुवातीला ३,००० ला होता, तो क्वालिसलाही चालतो. एक नाका ओलांडला की एक फेरी, म्हणजे पुणे जाऊन-येऊन आठ. महिन्याला एक पुणे म्हणजे वर्षाच्या ९६ फेऱ्या, आरामात बसतात.

दुसरं, पुणे जाऊन-येऊन ५०० किलोमीटर. ७९ किलोवॅट-तासाची मोठी बॅटरी असली तरी हायवेला शंभर-एकशेदहाने, मे महिन्यात एसी फुल लावून, साडेचारशेच धरा. म्हणजे पुण्यात नाहीतर वाटेत चार्जिंग आलंच. इंदापूरच्या अलीकडे एका हॉटेलात एकच मशीन, ते बंद, आणि मालक म्हणतो, "कालपर्यंत चालू होतं की ओ." पन्नास मिनिटं मिसळ खात बसलो, मग पुढच्या चार्जरपर्यंत एसी बंद करून गेलो. असं दर वेळी होत नाही. पण झालं तेव्हा बायको बरोबर होती.

गरमीचं मात्र उगाच घाबरू नका. आताच्या मोठ्या गाड्यांत बॅटरीला पाण्याचं कूलिंग असतं आणि एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) सेल उष्णतेला बरेच टिकतात. माझी ४३-४४ मध्ये उभी असते.

घरच्या मीटरवर चार्जर लावणाऱ्यांनी जपून. वापर ३०० युनिटच्या वर गेला की पुढच्या स्लॅबचा दर झोंबतो. ईव्हीसाठी वेगळं मीटर घ्या.

पाना_पकड_अशोकचौक

मी गॅरेजवाला आहे, म्हणून माझं बोलणं अर्धं कापून वाचा.

क्वालिसचं ते २.४ लिटरचं साधं डिझेल इंजिन. टर्बो नाही, सेन्सर नाही, लॅपटॉप लावावा लागत नाही. पांढरा धूर फक्त सकाळी आणि गरम झाल्यावर बंद होत असेल तर नोझल, पंप आणि हीटर प्लग बघा, लगेच हाफ इंजिन करायला (म्हणजे इंजिन उघडून रिंग-पिस्टन बदलायला) जाऊ नका. गरम झाल्यावरही निळा धूर आला, ऑइल कमी व्हायला लागलं, तर रिंग-पिस्टन. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक करून घ्या, ते न करता रक्कम सांगणाऱ्याला हात जोडा. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते आठवत नसेल तर आजच बदला, तो तुटला की खरा खर्च सुरू होतो.

एकच खरी भीती पत्र्याची. इंजिन कितीही वेळा बांधता येतं, पण चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) सडली तर विषय संपला. रँपवर चढवून चॅसीला हातोडीने ठोकून बघा. खणखणीत वाजली तर पैसे घाला. भसकन आवाज आला तर एक रुपयाही नको.

आणि ती दहा वर्षांची डिझेलबंदी दिल्लीकडची. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग करायचं, हरित कर भरायचा. तुमचं २०१९ आणि २०२४ ला झालेलं असणार, म्हणजे २०२९ पर्यंत निवांत. तेव्हा मात्र फी जास्त लागेल, वीस वर्षांवरच्या कारला आता १० हजार झालेत.

पुणेनाका_प

सगळे पुरुष हिशोब करत बसलेत. आजींना शोरूममध्ये नेऊन बसवलंय का कुणी? माझ्या सासूबाईंना अशा गाडीत बसवलं होतं. बॅटरी खाली असल्याने मागची जमीन उंच, त्यामुळे गुडघे वर येतात आणि मांड्या अधांतरी राहतात. तासाभरात पाय आखडले. सगळ्या मॉडेलमध्ये सारखं नसेल, पण २८ लाख देण्याआधी अर्धा तास बसवून बघा. नुसतं दार उघडून "छान आहे की नाही आई" असं विचारू नका, त्या हो म्हणतील.

सूतदलाल_साखरपेठ

पुणेनाका ताई, तुमच्यामुळे वाचलो.

आईला नेलं. चढताना तिथेही दोघं लागलोच. विक्रेता छताची काच दाखवत होता, आई खाली बघत होती. वीस मिनिटांनी म्हणाली, "चांगली आहे रे, पण पाटावर बसल्यासारखं वाटतंय." पोरगं व्हिडिओ कॉलवर होतं, ते गप्प झालं.

चॅसी ठोकली. मिस्त्रीने मला हातोडी दिली, म्हणाला तुम्हीच वाजवा. मागचा एक कोपरा सोडला तर देवळातल्या घंटेसारखी वाजली. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला बरं निघालं, म्हणजे इंजिन उघडायचं नाही. नोझल, पंप, हीटर प्लग, टायमिंग बेल्ट, पाटे, एसी आणि सडलेला पत्रा, सगळं मिळून १ लाख ४२ हजार. रंग फक्त लागेल तिथे. एमआयडीसीतल्या वेल्डरकडून मागच्या दाराला दुमडणारी लोखंडी पायरी करून घेतली, साडेआठशे रुपये. आई आता एकाच माणसाचा हात धरून चढते, तोही नातवाचा असला तर.

पोराशी ठरलंय ते असं: वॅगन आर संपेल तेव्हा गावातल्या गावात फिरायला छोटी इलेक्ट्रिक बघू, ती बायको गोडाऊनवर हिशोबाला येते तेव्हा तिथेच चार्ज होईल. बायकोला अजून विचारलेलं नाही.

आकडेमोड साहेब, आठ लाख एफडीत टाकले. पांढरा धूर बंद झालाय, काकूंची खिडकी उघडी असते.

एक राहिलंच. मागच्या दाराचं रबर बीडिंग फाटलंय, पावसाळ्यात पाणी येईल. जुन्या बाजारात दोन फेऱ्या झाल्या, मिळालं ते दुसऱ्याच गाडीचं निघालं. कुणाकडे क्वालिसचं असेल तर कळवा.