मदत हवी आहे: ग्वाल्हेरला शिकवून तयार केलेली माणसं टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी,

ग्वाल्हेरला लष्कर भागात आमचा सासऱ्यांच्या वेळचा वाडा आहे. यजमान, धाकटे दीर आणि मी मिळून त्यात अतिथिगृह चालवतो. बारा खोल्या, घरचं मराठी जेवण, आणि पाहुण्यांना किल्ला, गुजरी महाल, तानसेनची समाधी, मितावली-पढावली-बटेश्वर हे सगळं गाईडसकट दाखवायचं. येणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, काही परदेशी, आणि डिसेंबरात तानसेन समारोहासाठी येणारे गाण्याचे दर्दी. २०२३ साली युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून आपल्या सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं, तेव्हापासून चौकशा आणखी वाढल्यात. गिऱ्हाइकाची काळजी नाही, काळजी आहे ती माणसांची. शिकून तयार झालेला माणूस आमच्याकडे टिकत नाही.

दतियाजवळच्या खेड्यातला एक मुलगा आमच्याकडे भांडी घासायला आला होता. सासूबाईंच्या हाताखाली असा तयार झाला की कटाची आमटी, भरली वांगी, थालीपीठ सगळं त्याच्यावर सोपवून मी निर्धास्त असायचे. पुरणात उलथनं उभं राहिलं की गॅस बंद करायचा, हे मी सांगायच्या आत त्यानं केलेलं असायचं. तो आता गोव्यात एका मोठ्या हॉटेलात आहे.

किल्ला दाखवणारी मुलगी इथंच पर्यटनाचं शिकलेली. चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. त्यात बागेचं माप २७० हात आणि देवाला रोज ५० माळा असं कोरलंय, आणि त्या आकड्यांत आज आपण लिहितो तसं वाटोळं शून्य आहे. बरेच गाईड शून्यावर बोट ठेवून पुढे निघतात. ही आधी बागेची आणि माळांची गोष्ट सांगायची, मग म्हणायची, आता तुम्हीच शोधा. सापडलं की साठीतली माणसंसुद्धा हरखून जायची. ती सध्या गुरुग्रामला एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटांच्या टेबलावर बसते. पगार जवळजवळ दुप्पट. तिनं जायला नको होतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण ती किल्ल्यावर नाही याचं वाईट वाटतं ते वाटतंच.

शिकलेली मुलं गावात नाहीत असंही नाही. केंद्र सरकारची पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था १९८३ साली निघाली, तिचं मुख्यालय ग्वाल्हेरलाच आहे. हॉटेल मॅनेजमेंटचीही सरकारी संस्था आहे. पण मुलं कॅम्पसमधूनच दिल्ली, गुरुग्राम, जयपूर गाठतात. आग्रा सव्वाशे किलोमीटरवर, तिथल्या कामाशी आमची बरोबरी होत नाही. आमचा सिझन ऑक्टोबर ते मार्च. पुढे पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि दुपारी किल्ल्याच्या दगडावर पाय ठेवता येत नाही. त्यामुळे एप्रिलपासून निम्मा पगार आणि लागेल तेव्हा बोलावणं, अशी इथली सर्वांचीच पद्धत, आमचीही तीच. सध्या घरचे सोडून तेरा माणसं आहेत.

ओळखीच्या एका हॉटेलवाल्यांनी सुचवलं की दोन वर्षांचा बॉण्ड करा आणि मूळ मार्कशीट आपल्याकडे ठेवून घ्या. कुणाचे कागद अडकवून ठेवणं मी करणार नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया नको.

मोठ्या हॉटेलांइतका पगार मला देता येणार नाही, हे धरून सांगा. पगाराशिवाय माणूस कशानं थांबतो? गाईड महिन्याच्या पगारावर ठेवावा की दिवसाच्या हिशेबानं? आणि नवीन माणसं शोधायची कुठं? ज्यांनी स्वतः असं काही चालवलंय किंवा अशा ठिकाणी काम केलंय त्यांचं ऐकायला फार आवडेल.

---

राजवाडा_इंदूर यांचा प्रतिसाद:

ताई, माझं इंदूरला छोटं हॉटेल आहे. आमच्याकडे तुमच्यासारखा सिझनचा चढउतार नाही, पण एक गोष्ट नक्की सांगतो. निम्म्या पगाराची पद्धत आधी बंद करा. माणूस मोठ्या पगारासाठी जातो असं आपण म्हणतो, पण घरभाडं आणि पोरांची फी बारा महिने असते. वर्षाचा एकूण आकडा तोच ठेवून बारा सारखे हप्ते पाडले तरी फरक पडतो. सिझनमध्ये हातात थोडं कमी येईल, ते टिपमधून भरून निघतं. फक्त टिपची पेटी एकच ठेवा आणि वाटप सर्वांसमोर करा. भांडीवाल्याला त्यातलं काही मिळत नसेल तर तो कुकच्या हाताखाली शिकायला थांबणार नाही.

दुसरं ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं. दहाच्या वर माणसं म्हणजे तुम्हाला ते लागू आहे. २१,००० पर्यंत पगार असलेल्याचे ०.७५ टक्के कापले जातात, आपण ३.२५ टक्के भरतो. पण मुलाला फक्त कापलेले पैसे दिसतात. त्याच्या बायकोचं, मुलांचं, त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचं नाव चढवलंय का, त्यांना दवाखाना कुठला हे माहीत आहे का, हे स्वतः बसून बघा. आमच्याकडे एका वेटरच्या आईचं ऑपरेशन त्यातून झालं. त्यानंतर कापलेल्या पैशांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वीसपेक्षा कमी माणसं असल्यामुळे पीएफची सक्ती तुम्हाला नाही, पण मालक आणि कामगार दोघांची तयारी असेल तर स्वेच्छेनं घेता येतो. लग्नाच्या वयाच्या मुलाला त्याची किंमत कळते.

---

मांडवीकर_वडोदरा यांचा प्रतिसाद:

ताई, आमच्याकडे ३१ ऑक्टोबर २०१८ ला केवडियाच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याचं उद्घाटन झालं आणि त्यानंतर तिकडे हॉटेलं, तंबू सगळंच उभं राहिलं. वडोदऱ्याहून ते नव्वद किलोमीटर. आमची हाउसकीपिंगची आणि फ्रंट ऑफिसची चांगली माणसं बघता बघता तिकडे गेली. त्या वेळी माझ्या मोठ्या बहिणीनं एक केलं. ज्यांना गाव सोडायचंच नाही अशी माणसं शोधली. म्हणजे चाळिशीच्या आसपासच्या बायका. मुलं मोठी झालेली, स्वयंपाकाचा हात उत्तम, बोलणं आर्जवी, आणि नोकरी कुणी देत नाही म्हणून घरी बसलेल्या. तुमच्या लष्करात, जनकगंजात, दौलतगंजात मराठी घरं कितीतरी आहेत. मराठी जेवण करायला दतियाच्या मुलाला पहिल्यापासून शिकवायचं आणि तो गोव्याला जाणार, त्यापेक्षा हे बघा.

मात्र वेळा त्यांच्या सोयीनं ठेवाव्या लागतात. सकाळी सहा ते दुपारी दोन किंवा दुपारी दोन ते रात्री दहा, पण सलग. रात्रीच्या पाळीला घरापर्यंत सोडायला गाडी हवीच, तिथे काटकसर चालत नाही. मध्य प्रदेश पर्यटन मंडळाचा महिलांसाठी सुरक्षित पर्यटनाचा प्रकल्प आहे, त्यात बायकांना पर्यटनातल्या कामांचं प्रशिक्षण देतात. त्यांच्याकडे चौकशी करा, माणसं शोधायचा प्रश्नही थोडा सुटेल.

गाईडबद्दल माझं मत पगारावर ठेवू नये असं आहे. सिझनमध्ये महिन्याचे अमुक दिवस नक्की देऊ, काम नसलं तरी त्या दिवसांचे पैसे देऊ, अशी लेखी हमी द्या. बाकीचे दिवस त्यांचे. तुमच्यासारखी दोन-तीन अतिथिगृहं एकत्र आली तर एका चांगल्या गाईडचा महिना सहज भरेल. चांगला गाईड आपल्या एकट्याचाच असावा हा हट्ट सोडावा लागेल.

---

माजी_कॅप्टन यांचा प्रतिसाद:

मी दुसऱ्या बाजूचा. मोरारचा आहे, ग्वाल्हेरच्याच एका हॉटेलात वेटरचा कॅप्टन झालो, आता पुण्यात असतो. मी का सोडलं ते सांगतो.

पगार हे एक कारण होतं, पण पहिलं नव्हतं. ब्रेक शिफ्ट करायचो. सकाळी सात ते अकरा आणि पुन्हा संध्याकाळी सहा ते रात्री बारा. मधल्या वेळात मोरारला जाऊन यायला परवडायचं नाही, म्हणून हॉटेलच्या गच्चीवर पडून राहायचो. कागदावर ड्युटी दहा तासांची, पण दिवस सगळा त्यातच जायचा. साप्ताहिक सुट्टी होती, पण कुठल्या दिवशी हे आदल्या रात्री कळायचं. बहिणीला बघायला पाहुणे येणार होते त्या दिवशी सुट्टी देऊन ऐनवेळी रद्द केली. माझा तिथला जीव त्या दिवशी उठला.

ताई, सुट्टीचा वार ठरवून टाका आणि बुकिंग कितीही असलं तरी तो मोडू नका. ब्रेक शिफ्ट टाळता येत नसेल तर झोपायला पंखा असलेली वेगळी खोली द्या. आणि पद द्या. आमच्याकडे सोयरिकीत विचारतात, मुलगा काय करतो? हॉटेलात असतो म्हटलं की चेहरे पडतात. नेमणुकीचं पत्र, त्यावर पदाचं नाव, दरवर्षी कामाचं मूल्यमापन लिहिलेला एक कागद, एवढ्यानं घरात मान राहतो.

दतियाच्या मुलासारख्यांसाठी आणखी एक. हातानं शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन सरकारी प्रमाणपत्र मिळायची सोय आहे, आधीच्या शिक्षणाची मान्यता म्हणतात तिला. पर्यटन आणि आतिथ्याच्या कौशल्य परिषदेचे परीक्षक येतात. प्रमाणपत्र मिळालं तर तो जाईल अशी भीती मालकांना वाटते. जाणारा तसाही जातो. पण तुमच्याकडे दोन वर्षं राहिलं की हातात प्रमाणपत्र पडतं हे आजूबाजूच्या गावांत पसरलं, तर येणाऱ्यांची रांग लागेल.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री यजमानांना आणि दीरांना वाचून दाखवलं. कॅप्टनदादा, तुमच्या बहिणीचा प्रसंग वाचून आम्ही तिघंही गप्प झालो. आमच्याकडे सुट्टीचा वार ठरलेला आहे, पण नाताळच्या आठवड्यात तो पाळला जात नाही. यंदापासून पाळणार.

बारा सारख्या हप्त्यांचा हिशेब दीरांनी मांडायला घेतलाय. एप्रिलपासून पुढे जड जाईल, पण बसेल असं दिसतंय. मांडवीकर, बायकांची पाळी सलग ठेवायची कल्पना मला फारच पटली. दत्ताच्या देवळात गुरुवारी भेटणाऱ्या दोघीतिघींची नावं लगेच डोळ्यांसमोर आली. गाईडसाठी आणखी दोन अतिथिगृहांशी बोलते.

शिकाऊ उमेदवारांबद्दल कुणाला अनुभव आहे का? माहिती काढली तर कळलं की चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला उमेदवार घेणं ऐच्छिक आहे, तिसाच्या पुढे बंधनकारक. विद्यावेतनाचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त महिना १,५०० रुपये, केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात टाकतं. ग्वाल्हेरातल्याच संस्थांमधून एक-दोन मुलं अशी घ्यावीत असं मनात आहे.

आणि उन्हाळ्याचा प्रश्न उरतोच. एप्रिल-मे लग्नसराईचे, तेव्हा कुकना केटररकडून रोजानं चांगले पैसे मिळतात. पगार चालू ठेवून त्यांना तिकडे जाऊ द्यावं, की वाड्यातच छोट्या लग्नांची, मुंजींची जेवणं घ्यावीत? वाड्याचा चौक दोनशे पानांना पुरेल. पण जुलै ते सप्टेंबर तेही नाही, आणि बारा हप्ते द्यायचे म्हटलं की खरी परीक्षा त्या तीन महिन्यांचीच आहे. पावसाळ्यात ग्वाल्हेर-शिवपुरीकडे पाहुणे आणण्याचा कुणी यशस्वी प्रयत्न केला असेल तर कृपया सविस्तर लिहा.