मदत हवी आहे: भात, बांगडा, नारळ आणि ४०-३०-३० चा तक्ता

नमस्कार. इथे बरेच महिने नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय आधी येऊन गेला असेल तर लिंक द्या, तिथेच विचारीन.

वय ४६, उंची ५ फूट २ इंच, वजन ७१ किलो. वेंगुर्ल्यापासून जरा आत गावात राहते. गेल्या महिन्यात तपासण्या केल्या. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २१०, बीपी आणि क्रिएटिनिन ठीक. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही पण उंबरठ्यावर आहात, आहार सांभाळा, ३ महिन्यांनी या. सांभाळा म्हणजे नेमकं काय, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत.

मुंबईच्या भाचीने कुणा ऑनलाइन आहारवालीकडून तक्ता मागवून दिला. दिवसाला १५०० कॅलरी, त्यात ४०% कर्बोदकं, ३०% प्रथिनं, ३०% स्निग्ध. सकाळी ओट्स, दुपारी ग्रिल्ड चिकन, संध्याकाळी ग्रीक योगर्ट, रात्री पनीर-ब्रोकोली. आमच्या बाजारात ब्रोकोली दिसली तर मी तिची ओटी भरीन. चार दिवस ओट्स खाल्ले. पाचव्या दिवशी सासूबाईंनी समोर पेजेचा वाडगा ठेवला, "भात नाय खाल्लस तर पोट कसां भरतलां गो?" संपला तक्ता.

माझं रोजचं असं: सकाळी घावणे किंवा आंबोळी आणि चहा, १० वाजता उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात आणि माशाचं कालवण, रात्री भात आणि कुळथाची पिठी किंवा काळ्या वाटाण्याचं सांबारं. चहा दिवसात ४ वेळा, २-२ चमचे साखर. काट्यावर मोजलं तर माझ्या वाटणीला कच्चा तांदूळ (घावण्याचं पीठ धरून) २५० ग्रॅम येतो. ४ माणसांत रोज एक नारळ जातो. तेल महिन्याला ४ लिटर.

घरात शिजतं त्यातूनच कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध या तिन्हींचं गणित जमेल का? नारळ सोडायचा का? आणि जूनपासून मासेमारी बंद, पाठोपाठ श्रावण, तेव्हा प्रथिनं कुठून आणू? आगाऊ धन्यवाद.

आडगावकर
ब्रोकोलीची ओटी 😄 उत्तर माहीत नाही, वाचतोय.

माजघर
आहारशास्त्र शिकवते, म्हणून थोडं सविस्तर. तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला हा पर्याय नाही, हे आधीच सांगते.

१५०० कॅलरीच्या ३०% म्हणजे ११२ ग्रॅम प्रथिनं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतात, म्हणजे तुम्हाला ५९ च्या आसपास. ११२ गाठायला लागलात तर घरात दुसरं काही शिजणारच नाही. ६० धरून चाला.

आता तांदूळ. २५० ग्रॅम म्हणजे साधारण ८७५ कॅलरी, १९५ ग्रॅम कर्बोदकं. याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत धान्यातून ४५% पेक्षा जास्त कॅलरी नकोत असं आहे. १५०० च्या हिशेबात तो तांदूळ १९० ग्रॅम होतो. म्हणजे दिवसाकाठी ६० ग्रॅम कमी. १० ची पेज आणि दुपारचा भात यांतलं एकच ठेवलंत तरी काम झालं. सासूबाईंना 'भात सोडला' असं न सांगता 'पेज सोडली' म्हणा. किंवा उलट.

त्याआधी चहा बघा. ८ चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम, १६० कॅलरी, हातात शून्य. ट्रायग्लिसराइड्स २१० असताना मी भाताच्या आधी साखरेला हात घालीन.

नारळाचं वाईट वाटेल. पाव नारळ म्हणजे साधारण ७० ग्रॅम खोबरं, त्यात २३ ग्रॅम स्निग्ध आणि ते जवळजवळ सगळं संपृक्त (सॅच्युरेटेड). संपृक्त चरबी एकूण कॅलरीच्या १०% च्या आत ठेवायची म्हणतात, १५०० ला ती १६-१७ ग्रॅम होते. नारळ एकटाच ती मर्यादा ओलांडतो. तेल माणशी लिटरभर, म्हणजे रोजचं आणखी ३० ग्रॅम. नारळ सोडू नका, एक नारळ दोन दिवस पुरवा. कालवणाला वाटण असेल त्या दिवशी भाजीवर खोबरं भुरभुरायचं नाही. तेल चमच्याने मोजून घाला.

एक प्रश्न. कालवणातल्या तुकड्या तुमच्या ताटात किती येतात?

धागाकर्ती
माजघर, खूप आभार. तुकडीचं विचारलंत म्हणून खरं सांगते. बांगडे आणले तर ह्यांना एक, मुलाला एक, सासूबाईंना अर्धा, मला उरलेला अर्धा नाहीतर डोकं आणि कालवण. डोकं मला आवडतंच, असं घरात सगळे म्हणतात. मीही म्हणते.

माजघर
मध्यम बांगड्यात काटे-डोकं वजा जाता ८०-९० ग्रॅम मांस निघतं, त्यात १६-१७ ग्रॅम प्रथिनं. अर्ध्यात ८. पिठी पातळ असते, वाडग्यात पीठ जेमतेम २० ग्रॅम, त्यातून ४ ग्रॅम. चहाचं दूध, भात सगळं धरून तुमची बेरीज ३५-४० वर थांबते. घरात प्रथिनं येतात, तुमच्या ताटात येत नाहीत. आणायचे तेव्हा एक बांगडा जास्त आणा. आणि पिठीऐवजी आठवड्यातून ३ दिवस मोडाच्या कुळथाची उसळ करा. ५० ग्रॅम कोरड्या कुळथात ११ ग्रॅम प्रथिनं असतात.

आडगावकर
आमच्याकडे आईचं पण डोकंच आवडतं होतं. आज कळलं.

तिवळप्रेमी
सोलकढी रोज घ्या, चरबी जाळते. माझं ५ किलो उतरलं.

खाडीपलीकडे
सोलकढीत नारळाचं दूधच असतं हो! चरबी जाळते कुठली. आमसुलाचं पाणी, मीठ, जिरं, कोथिंबीर घालून तिवळ घ्या, तुमच्या आयडीला शोभेल.

धागाकर्ती, बंदीबद्दल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बंद असतात. त्याआधी मे महिन्यात सुकट, बोंबील, सोडे भरून ठेवा. ३० ग्रॅम सुक्या जवळ्यात १५ ग्रॅमच्या वर प्रथिनं. जवळा-बोंबील बहुतेक नुसते उन्हात वाळवलेले असतात, खारा बांगडा मिठात मुरवलेला, म्हणून बीपीवाल्यांनी तो जपून. श्रावणात काळे वाटाणे, चवळी, मूग, दही. अंडं चालत असेल तर एकात ६ ग्रॅम. भाताबरोबर डाळ-उसळ हवीच, कारण तांदळात लायसिन (प्रथिनांतला एक घटक) कमी असतं, ते कडधान्य भरून काढतं.

उकड्याबद्दल कुणी लिहिलं नाही. उकडताना कोंड्याजवळचं 'ब' जीवनसत्त्व दाण्यात उतरतं, म्हणून तो पॉलिशच्या पांढऱ्यापेक्षा बरा. पण मोजून. आमच्यात 'उकडा आहे' म्हणून दुप्पट खातात.

धागाकर्ती
तीन आठवड्यांनी लिहितेय. साखर ४ चहांत मिळून २ चमच्यांवर आली, पहिले आठ दिवस डोकं दुखलं. पेज बंद, दुपारचा भात तसाच ठेवला. वजन ६९.८. रक्त तपासायला अजून वेळ आहे.

बांगड्याचं जेवताना बोलून टाकलं. मुलगा गप्प झाला. ह्यांनी आपल्यातला अर्धा उचलून माझ्या ताटात ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "मगे डोकां कोण खातला?" आता ४ बांगडे येतात, आणि डोकं त्या आणि मी वाटून घेतो.

नारळ दोन दिवस पुरत नाही, दीड दिवस पुरतो. आणखी एक विचारायचं होतं: गणपतीत मोदकांचं काय करू?