मदत हवी आहे : कानबाईच्या पूजेत विधवा वहिनीला मान कसा मिळवून द्यावा?

राम राम मंडळी. आम्ही जळगाव जिल्ह्यातले. श्रावणात आम्हा भाऊबंदांची कानबाई, म्हणजे आमची खान्देशातली देवी, एकत्र बसते. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात, पार पाळण्यातल्या पोरापर्यंत. मोठा भाऊ गेल्यापासून वहिनी ते गहू निवडते, दळते, पुरणाचा स्वयंपाक करते; पण नारळाची कानबाई सजवायला घेतली की तिला बाजूला बसवतात. देवीच्याच पूजेत बाईला दूर लोटायचं, हे मला बिलकुल पटत नाही.

काका म्हणतात, ‘धर्मात असंच आहे.’ मग चांगदेवांना उपदेश करणाऱ्या मुक्ताबाईंचं काय? त्यांच्या दर्शनाला तर आपण मुक्ताईनगरला जातोच ना! माझ्या मते बाईचा हक्क धर्मानेच आधी उचलून धरावा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, शासनाने परिपत्रकही काढलं. पण आमच्या वडीलधाऱ्यांना ठराव नको, कीर्तनकार महाराजांचा शब्द हवा.

खान्देशात कुणाच्या घरी विधवेच्या हातून कानबाईची आरती झाली आहे का? आधी कुणाशी बोललात, घरातल्या आजीशी की कीर्तनकार महाराजांशी? वहिनीला चारचौघांत अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून काय केलंत? कृपया सविस्तर सांगा.