पन्हाळ्याच्या दगडाचं वय नेमकं कसं काढतात?

रंकाळाकर: काल पोराला घेऊन पन्हाळ्याला गेलतो, तिथं त्यानं विचारलं बाबा हा दगड किती वर्षांचा, मी म्हटलं साडेसहा कोटी, तर म्हणतो कुणी मोजलं? मला काय सांगता येईना. कुणीतरी सोप्या भाषेत सांगा की.

काळादगड: लई भारी प्रश्न विचारलाय पोरानं! आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. दगडात पोटॅशियम असतंय, त्यातलं थोडंसं पोटॅशियम-४० किरणोत्सारी, त्याचा काही भाग हळूहळू आरगॉन वायू होतो, निम्मं संपायला १२५ कोटी वर्षं लागतात. लाव्हा पातळ असताना जुना आरगॉन उडून जातो, थिजला की नवा आत अडकायला लागतो, म्हणजे घड्याळ तिथनं सुरू. दोन्ही मोजायचं आणि वय काढायचं.

रंकाळाकर: आणि आरगॉन गळाला तर?

काळादगड: तीच तर खरी अडचण. पावसानं कुजलेला दगड वय कमी दाखवतो, म्हणून वरचा जांभा चालत नाही, आतला ताजा काळा दगडच लागतो. आता नमुना अणुभट्टीत ठेवून मग टप्प्याटप्प्यानं तापवतात, गळती झाली असेल तर त्यात कळून येतंय.

घाटवाट: भर घालतो, दोन थरांमधी लाल मातीचा पट्टा दिसतो बघा घाटात, त्यात कुठं कुठं ज्वालामुखीच्या राखेतले झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक खडे सापडतात, त्यातल्या युरेनियमचं हळूहळू किती शिसं झालं त्यावरनं वय आणखी नेमकं निघतं. बहुतेक लाव्हा ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा, डायनासोर संपले तोच काळ. पोराला हे नक्की सांगा!